बोलायची किंमत कोण मोजतं?

लग्नं का मोडतात, यावर आपल्याकडे दर काही महिन्यांनी वाद झडतो आणि दर वेळी तो त्याच दोन कंपूंत वाटला जातो. एक कंपू म्हणतो, हल्लीच्या पोरांना संवाद साधता येत नाही, स्वतःच्या भावना ओळखता येत नाहीत. तेव्हा लग्नाआधी समुपदेशन करा, कार्यशाळा घ्या, जमलं तर सक्तीच करा. 2021 मध्ये गोवा सरकारने हा विचार जाहीर बोलूनही दाखवला होता : घटस्फोट वाढताहेत, तेव्हा विवाहपूर्व समुपदेशन बंधनकारक करावं. दुसरा कंपू यावर हसतो. आमच्या आजी-आजोबांनी कुठली कार्यशाळा केली होती? एकमेकांना नावाने हाकसुद्धा मारली नाही, पण पन्नास-पन्नास वर्षं संसार केले. हल्ली बोलून बोलूनच घरं मोडतात.

वरवर पाहता ही दोन टोकं आहेत, पण दोघांच्या बोलण्याखाली समजूत एकच आहे. संवाद हे एक कसब आहे, असं दोघंही धरून चालतात. पहिल्यांना ते शिकवायचंय, दुसऱ्यांना त्याची गरज वाटत नाही. मला ही समजूतच मान्य नाही. बहुतेक घरांत माणसांना बोलता येत असतं, फक्त बोलणं परवडत नसतं. ज्या सुनेला ‘तिला मन मोकळं करता येत नाही’ असं सासरी म्हणतात, ती माहेरी फोनवर तासभर अडखळल्याशिवाय बोलते. ऑफिसात सहकाऱ्याचा बिघडलेला मूड दारातून ओळखणारा माणूस घरी बायकोचा चेहरा चार दिवस ओळखत नाही, आणि त्याचं त्यावाचून काही अडतही नाही. हे दोघं कशात कच्चे आहेत? कसबात तर नाहीत. मग नातं निरोगी करायचं असेल तर आधी विचारायला हवं की या घरात खरं बोलल्यावर कोणाचं काय जातं आणि न ऐकण्याची मुभा कोणाला आहे. भावनांची ओळख, शब्दांची निवड, बोलायची वेळ या सगळ्याला किंमत आहे, पण ती या प्रश्नाच्या नंतर.

आधी आजी-आजोबांकडे जाऊ. त्या कंपूच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे, ती नाकारू नये. सतत स्वतःचं मन चाचपत बसणं हेही काही आरोग्याचं लक्षण नव्हे. न बोलता केलेल्या कित्येक गोष्टींत माया असते. आजारपणात रात्रभर उशाशी बसलेल्या माणसाला ‘तू भावना व्यक्त करत नाहीस’ असं सुनावणं हा उद्धटपणा आहे. पण त्या पिढीला, विशेषतः बायकांना, बोलायचं नव्हतं किंवा भावनांची भाषा नव्हती, हे मात्र साफ खोटं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. सासुरवास, नवऱ्याचा मार, सवत, लेकीची काळजी, भावाची वाट, मूल नसल्याचं दुःख, आणि हो, धन्याबद्दलचा अभिमानही. यातलं काय त्या ओव्यांत नाही? एवढं बारीक भावनिक ज्ञान असलेली बाई मुकी कशी म्हणायची? ती पहाटे जात्याशी बोलत होती, दुसऱ्या बाजूला खुंटा धरून बसलेल्या जावेशी बोलत होती. ज्याच्याबद्दल बोलत होती तो दोन हातांवर झोपलेला असायचा, आणि उठून ऐकायचं त्याच्यावर कुठलंही बंधन नव्हतं.

आणि संसार टिकले म्हणजे काय, तेही एकदा पाहायला हवं. 1884 मध्ये दादाजी भिकाजीने रखमाबाईला नांदायला पाठवावं म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. अकराव्या वर्षी लग्न झालेली रखमाबाई म्हणत होती, हे लग्न माझ्या संमतीने झालेलंच नाही. याहून स्पष्ट संवाद कुठला असतो? तिने नकार तर दिलाच, वर ‘अ हिंदू लेडी’ या नावाने वर्तमानपत्रात पत्रं लिहून त्या नकाराची कारणंही सांगितली. न्या. पिन्ही यांनी 1885 मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला आणि 1887 मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. तिच्यामागे शिकलेले, सुधारकी विचारांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन होते, पाठीशी मोठी माणसं उभी राहिली, म्हणून तिचा नकार आपल्यापर्यंत पोहोचला. ज्यांच्यामागे असं कोणी नव्हतं त्यांचे संसार ‘टिकले’. घराला बाहेरचं दारच नसेल तर आत किती माणसं राहिली हे मोजून नात्याबद्दल काय कळणार?

आता कार्यशाळावाल्यांकडे वळते. त्यांच्याशी माझं भांडण जास्त नाजूक आहे, कारण त्यांचं पुष्कळ बरोबर आहे. कित्येक जोडप्यांत खरंच कोणी जुलमी नसतं. दोघंही बरी माणसं असतात, पण एकाला भांडण जागच्या जागी संपवायचं असतं आणि दुसऱ्याला आधी दोन तास गप्प बसायचं असतं. एकाला ते गप्प बसणं अबोला वाटतो, दुसऱ्याला पहिल्याचं बोलणं उलटतपासणी वाटते. अशांना तिसऱ्या कोणी हे समजावून सांगितलं तर वर्षांचा मनस्ताप वाचतो. कौटुंबिक न्यायालयांचा 1984 चा कायदा करताना समुपदेशकांना त्यात जागा दिली गेली, ती उगाच नाही. पण हे शिक्षण घाऊक भावात, सर्वांना सारखं वाटलं तर काय होतं, याचा मोठा प्रयोग अमेरिकेने करून पाहिलेला आहे. बुश यांच्या काळात तिथल्या सरकारने निरोगी विवाहासाठी मोहीम काढली. तिच्यातल्या एका कार्यक्रमात कमी उत्पन्नाच्या, मूल झालेल्या किंवा होऊ घातलेल्या अविवाहित जोडप्यांना नात्यांची कौशल्यं शिकवली. आठ ठिकाणी, पाच हजारांहून अधिक जोडपी. 2010 मध्ये पहिल्या पाहणीचा अहवाल आला : सगळं मिळून पाहता नात्याच्या दर्जावर परिणाम नाही, एकत्र राहण्यावरही नाही. ओक्लाहोमा सिटीत थोडा फायदा दिसला, बाल्टिमोरमध्ये उलट तोटा.

त्याहून बोलका एक अभ्यास लॉस एंजेलिसमधला आहे. लॅव्हनर, कार्नी आणि ब्रॅडबरी या संशोधकांनी कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतल्या चारशेहून अधिक नवविवाहित जोडप्यांची बोलणी पुनःपुन्हा पाहिली आणि 2016 मध्ये निष्कर्ष मांडले. जी जोडपी चांगली बोलतात ती सुखी असतात, हे खरं निघालं. पण चांगलं बोलल्यामुळे पुढे सुख वाढतं, असं म्हणायला जेवढा आधार मिळाला, निदान तेवढाच आधार सुखी असल्यामुळे चांगलं बोललं जातं या म्हणण्यालाही मिळाला. म्हणजे आपण ज्याला औषध समजतोय ते कित्येकदा प्रकृती सुधारल्याचं लक्षण असतं. भाड्याची, कामाच्या पाळीची, मुलाच्या तापाची चिंता डोक्यावर असताना कोणाचा आवाज मऊ राहतो?

असली एक कार्यशाळा मी जवळून पाहिली आहे. गृहसंकुलाचं सभागृह, रविवारची सकाळ, प्रत्येकाच्या हातात पेन आणि गुलाबी कागद. सराव असा होता की आरोप करायचा नाही, ‘मला वाटतं’ने वाक्य सुरू करायचं. चाळिशीतले एक गृहस्थ उठले आणि बायकोकडे पाहून म्हणाले, “मला वाटतं, तू माझ्या आईशी नीट वागत नाहीस.” हशा झाला. प्रशिक्षक बाईंनी समजावलं की ही भावना नव्हे, हा आरोपच झाला. त्यांनी दुरुस्ती केली : “मला वाईट वाटतं, कारण तू माझ्या आईशी नीट वागत नाहीस.” टाळ्या पडल्या. मग त्यांच्या पत्नीची पाळी आली. त्या उभ्या राहिल्या, पदर सावरला, कागद घडी करून मुठीत धरला आणि म्हणाल्या, “माझं तसं काही नाही, सगळं छान आहे.” चहाच्या वेळी शेजारच्या बाईंनी त्यांना हळूच विचारलं, काहीच कसं बोलला नाहीत? त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या, “इथे बोलून काय? घरी ह्यांच्याबरोबरच जायचंय ना.”

आता यात अडाणी कोण? माझ्या मते त्या खोलीत भावनिक समज सगळ्यांत पक्की त्या बाईंचीच होती. आपण काय बोललो की संध्याकाळी काय होईल, याचं गणित त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या यजमानांना मात्र दोन तासांत नवं हत्यार मिळालं. हे मी चेष्टेने म्हणत नाही. नात्यांची ही नवी भाषा ज्याचं पारडं आधीच जड आहे त्याला चटकन लागू पडते. मुलांचं दप्तर कोण भरणार, असं विचारल्यावर ‘मला आत्ता स्पेस हवी आहे’ म्हणता येतं. केलेल्या अपमानाचा जाब विचारला की ‘तू टॉक्सिक होतेयस’ म्हणता येतं. पूर्वी एवढ्यासाठी आवाज चढवावा लागायचा.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण मला या वादात फार महत्त्वाचं वाटतं. गोपाळराव म्हणजे बायकोला शिकवण्याचं वेड घेतलेला नवरा. त्यांच्यापुरता घरात संवादच संवाद होता, अभ्यासाचा, धर्माचा, देशाचा. नवव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी 1883 मध्ये नवऱ्याशिवाय अमेरिकेला गेली, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. तिथून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात लहानपणी त्याने केलेली मारहाण तिने एकेक करून सांगितली आहे : लाकडांनी मारणं, पुस्तकं आणि खुर्च्या अंगावर फेकणं, सोडून जाईन अशा धमक्या. राग नाही, रड नाही, हिशेब मांडावा तसं. कल्याणच्या किंवा कलकत्त्याच्या घरात ती हे का बोलली नाही? तेव्हा तिला भावना ओळखता येत नव्हत्या? आपलं घर असलेलं दुसरं ठिकाण, शिक्षणाने आलेली प्रतिष्ठा आणि मध्ये दोन समुद्र, एवढं सगळं जमल्यावर ते वाक्य कागदावर उतरलं. तिला मोकळेपणा शिकवणारी कुठलीही कार्यशाळा कल्याणला भरवून उपयोग झाला नसता.

इथे मला अडवून कोणी म्हणेल, तुम्ही सगळं बाई विरुद्ध पुरुष करून टाकलंत. पुरुषही घुसमटतात. आक्षेप रास्त आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो बळकटीच देतो. विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर कितीदा असं उघड होतं की कर्जाचा खरा आकडा बायकोला ठाऊकच नव्हता. बँकेचं किती, सावकाराचं किती, सोयरिकीतून उसने किती, हे तिला तेराव्यानंतर दारात आलेल्या माणसांकडून कळतं. एकाच चुलीपुढे जेवणारी दोन माणसं. तो का बोलला नाही? कारण पुरुषाला बोलायची वेगळी किंमत मोजावी लागते. मला जमलं नाही, हे वाक्य उच्चारलं की त्याच्या हिशेबी त्याचं घरातलं, भावकीतलं, पारावरचं स्थान जातं. भीती आणि शरम या भावना त्याला लहानपणीच बंद केलेल्या असतात. राग तेवढा माफ असतो, म्हणून सगळं रागाच्या वाटेने बाहेर येतं किंवा येतच नाही. इथे भावना ओळखायला शिकवण्याचा उपयोग आहे, मोठा आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. मात्र नुसतं ‘बोलत जा’ सांगून भागत नाही. नापिकी म्हणजे नालायकी नव्हे, हे त्याच्या भोवतालाने, त्याच्या सासऱ्याने, गावातल्या बँकेच्या खिडकीतल्या माणसाने वागून दाखवल्याशिवाय त्याचं तोंड उघडायचं नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. समता येईपर्यंत काय, कोणी कोणाशी बोलूच नये? नव्या सुनेला आजच्या आज काय सांगायचं? आणि पगार सारखा, पदव्या सारख्या, तरी घरात स्मशानशांतता, अशी घरं दिसतात त्याचं काय? याचं माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण अर्धं आहे. पगार सारखा म्हणजे भार सारखा नव्हे. केंद्र सरकारच्या 2019 च्या कालवापर पाहणीत, दिवसात घरकाम करणाऱ्या स्त्रिया 81 टक्के आणि पुरुष 26 टक्के निघाले. म्हणजे चारांतले तीन पुरुष त्या दिवशी घरातल्या कामाला हातच लावत नव्हते. ज्यांनी लावला त्यांची सरासरी 97 मिनिटं, बायकांची 299. रात्री साडेदहाला ओटा पुसून झाल्यावर ‘चल, जरा मनातलं बोलू’ हा प्रस्ताव त्यातल्या एकालाच रम्य वाटू शकतो.

शिवाय चांगल्या नात्यातलं बोलणं नात्याबद्दलच असतं, हीही एक नवी अंधश्रद्धा आहे. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आज उपलब्ध आहेत, 1856, 1868 आणि 1877 सालची. पहिल्यात त्या भावाशी झालेला वाद कळवतात. जोतीराव महार-मांगांना शिकवतात म्हणून भाऊ नावं ठेवतो, त्याला आपण काय उत्तर दिलं ते सांगतात. दुसऱ्यात गावकरी एका ब्राह्मण मुलाला आणि महार मुलीला ठार मारायला निघाले होते, त्यांना कसं वाचवलं त्याची हकीकत आहे. तिसरं ओतूरहून, दुष्काळाबद्दल. तुमच्या-माझ्या नात्यात काय चाललंय, याची चर्चा या पत्रांत शोधून सापडायची नाही. पण दोन माणसांनी एकमेकांना किती बरोबरीचं मानलंय, ते ओळीओळीत आहे. मी काय केलं, मला काय वाटलं, हे नवऱ्याला कळवताना सावित्रीबाई कुठेही परवानगी मागत नाहीत. हे 1856 साली, जेव्हा बायकोने लिहिणंच पाप होतं. तेव्हा समता आधी सगळीकडे यावी, मग संवाद, असं माझं म्हणणं नाही. एका घरापुरती ती आणता येते. फक्त ती आणण्याचं काम ज्याचं पारडं जड आहे त्याला आधी करावं लागतं, आणि जोतीरावांनी ते बायकोच्या हातात पाटी देऊन केलं होतं.

म्हणून मारहाण असेल तिथे तर संवादाचा सल्ला मला सरळ धोकादायक वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. अशा बाईला ‘तुम्ही दोघं जरा शांतपणे बोला’ म्हणून परत पाठवणं म्हणजे तिचा शेवटचा आधार काढून घेणं. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तो पोलीस यंत्रणेच्या आत का बसवला, ते यावरून समजावं. समोरच्याला ऐकावंच लागेल अशी जागा मिळाली की बाई भरभर बोलते, हा तिथला धडा.

मग लग्नाआधी काहीच सांगू नये का? जरूर सांगावं, पण विषय बदलून. ‘तुमची प्रेमाची भाषा कोणती’ हे नंतर बघू. आधी दोघांना वेगवेगळं बसवून विचारा : डोक्यावर कर्ज किती आहे? पगार कोणाच्या खात्यात जाणार आणि एटीएम कार्ड कोणाच्या पाकिटात राहणार? तुझे आई-वडील थकले तर ते आपल्याकडे राहायला येऊ शकतात का, की तो हक्क फक्त माझ्यांचा? स्वयंपाक कोण करणार, आठवड्यातून किती दिवस? मूल हवं का, कधी, आणि तू नाही म्हणालीस तर माझी आई काय म्हणेल? घर दोघांच्या नावावर होणार का?

या शेवटच्या प्रश्नावर नाकं मुरडली जातात. प्रेमात कागद कशाला आणायचे! पण गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याने, वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते आणि एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला स्थावर विकता येत नाही. सही धाकानेही घेता येते, हे कबूल. तरी निदान विचारावं लागतं. ज्या माणसाला एरवी बायकोला काही विचारायची सवय नाही, त्यालाही एकदा समोर बसून ‘हे असं असं करतोय’ म्हणावं लागतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर हेच उमगलं असावं. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली गेली आणि शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. सातबाऱ्यावर नाव चढलेल्या बाईला ‘तुला काय कळतं’ म्हणणं अशक्य होत नाही, पण पूर्वीइतकं सोपं राहत नाही.

असे प्रश्न लग्नाआधी विचारले तर ठरलेली लग्नं मोडतील, ही भीती मला नेहमी ऐकवली जाते. मोडतील की. मानपानावरून, हॉलच्या भाड्यावरून, वरातीतल्या घोड्यावरून आपल्याकडे याद्या करताना लग्नं मोडत आलीच आहेत आणि त्याला ‘बरं झालं, आधीच कळलं’ असंच वडीलधारी म्हणतात. घोड्यावरून मोडलेलं चालतं, तर एटीएम कार्डावरून का चालू नये? सक्तीच करायची तर सरकारने या प्रश्नांची करावी. आणि उत्तरं घेताना होणाऱ्या नवऱ्याला, त्याच्या आईला आणि मध्यस्थ काकांना दाराबाहेर बसवावं.